खोटा भोंगा

इरिया सकाळपासून माझं स्वयंपाकघर उपसतेय.
आइस्क्रीम संपल्यावर धुऊन ठेवलेले डबे,
झाकण हरवलेले, नुसतं झाकणच उरलेले,
टोमॅटोच्या रश्शाने कायमचे केशरी झालेले,
सगळे फरशीवर.
मी खुर्चीत पाय वर घेऊन,
पूर आल्यासारखी.

"यातच सूप गरम करतेस? मायक्रोवेव्हमध्ये?"
करते.
"आणि उकळतं असतानाच ओततेस?"
ओतते. निवायची वाट बघायला
मला वेळ कधी होता, बाई?

मग ती वरच्या फळीकडे वळते.
तिथे पत्र्याचे डबे. चणे, टोमॅटो, सार्डिन.
"याला आतून अस्तर असतं," ती म्हणते.
मला सांगते!
एकवीस वर्षं सेतूबालच्या कारखान्यात
डोकी उडवलेले मासे मी डब्यात निजवले,
पोट वर, शेपूट आत,
एका डब्यात पाच, बारीक असले तर सात.
अस्तर मला तोंडपाठ आहे:
सोनेरी, नखाने खरवडलं तरी न निघणारं.
त्या सोनेरी रंगावर हे घर उभं आहे,
तुझे सरळ केलेले दात,
तुझ्या बापाच्या थडग्याचा दगड.

ती गप्प.
मग डब्यांच्या मधोमध फतकल मारते
आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सांगते.
काही द्रव्यं असतात, कणाहून कण,
डब्यातून अन्नात उतरतात,
गरम असलं की जास्त, तेलकट असलं की जास्त,
आणि आत जाऊन
बाईच्या हार्मोनचं सोंग घेतात.
शरीराला वाटतं, निरोप आला.
"म्हणजे गं काय?"
तिला नीट सांगता येत नाही.

मला येतं.

आमच्या वेळी होडी धक्क्याला लागली की भोंगा व्हायचा.
रात्रीचे दोन असोत, चार असोत.
प्रत्येक कारखान्याचा सूर निराळा,
आपला कुठला ते झोपेतही कळायचं.
पोर शेजारणीच्या कुशीत सरकवून
एप्रनच्या नाड्या बांधत अंधारात पळायचं.
एका जानेवारीत कुणीतरी खोटाच भोंगा वाजवला.
थट्टा, दारू की सूड, आजवर कळलं नाही.
आम्ही साठ-सत्तर जणी फाटकाशी,
आत भट्टी पेटवलेली, तेल तापलेलं,
आणि सादो नदीवर होडीचा दिवासुद्धा नाही.
कुणी हसलं. ओदेते तिथेच बसून रडली.
दुसऱ्या रात्री खरा भोंगा झाला
तेव्हा आमच्यातल्या निम्म्या
उठल्याच नाहीत.

इरिया माझ्याकडे बघत राहते.
अडतिसावं सरेल आता तिचं.
तीन वर्षं ती आणि एल्देर वाट बघतायत,
मी विचारत नाही, पोटात ठेवते.
"यानेच झालं असं नाही म्हणाल्या त्या.
जमेल तेवढं कमी करा, एवढंच."

संध्याकाळी काचेच्या बरण्या घासल्या,
ऑलिव्हच्या, लोणच्याच्या, एक कॉफीची,
वास जाता जात नाही अशी.
मातीच्या वाडग्यात कोरडे चणे भिजत घातले.
सूप निवू दिलं. पाऊण तास.
दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत बसलो,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा.

निघताना दारात ती म्हणाली,
गल्ल्यावर दिवसभर पावत्या फाडते ना मी,
त्या गुळगुळीत कागदातही असतं म्हणे.
पण ते काही आपल्या हातात नाही.
हातातच तर आहे, असं जिभेवर आलं.
बोलले नाही.
साबणाची नवी वडी तिच्या पिशवीत टाकली,
जेवणाआधी हात धू, एवढंच म्हटलं,
ती सात वर्षांची असताना म्हणायचे तसं.

कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता हॉटेल आहे.
तरी रात्री दोनला जाग आली.
कसलाच आवाज नव्हता.
वाडग्यात चणे फुगत होते, एकेक करून,
कुणीतरी खरोखरच
हाक मारल्यासारखे.